नाशिकात राहून ग्रीन बिल्डिंगचं काम शिकायचंय, पुढे शिकवायचंही आहे. सुरुवात कुठून करू?

धरणाकडची_खिडकी (प्रश्न)

बी.आर्क. झालंय, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन आहे. दोन वर्षं ऑफिसात सबमिशन आणि वर्किंग ड्रॉइंगं करतेय. शाश्वत बांधकामाकडे वळायचंय आणि चार-पाच वर्षांनी कॉलेजात शिकवायचंही मनात आहे. तीन प्रश्न आहेत.

१. एम.आर्क. आत्ताच करावं का? कुठलं?

२. आयजीबीसी, गृहा, एज या हरित इमारतींच्या रेटिंगांपैकी कुठल्या परीक्षेचा नाशिकमध्ये खरंच उपयोग होतो?

३. सध्या हातात गंगापूर धरणाच्या बाजूचा एक बंगला आहे. पश्चिमेला पाणी आणि मागे डोंगर दिसतात, म्हणून मालकांना हॉलच्या पश्चिम भिंतीत १० फूट बाय ७ फूट काच हवीय. "गरम झालं तर एसी लावू की," म्हणतात. त्यांना आकड्यांत कसं सांगू? आणि काच सोडून या बंगल्यात आणखी काय तपासू?

---

वीस_अंश_उत्तर

तिसरा प्रश्न आधी घेतो. तो नीट सुटला तर पहिल्या दोन प्रश्नांचं निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य दक्षिणेला साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताला (दिवस-रात्र समान असतात तेव्हा) ७० अंशांवर. साधारण २० मे ते २४ जुलै दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. एवढे आकडे पाठ असले की निम्मे छज्जे सॉफ्टवेअर न उघडता ठरतात.

दक्षिणेची खिडकी ४ फूट उंच धरा, म्हणजे १.२ मीटर. लिंटेलला (खिडकीवरच्या तुळईला) लागून ४५० मिमीचा छज्जा काढला की संपाताच्या दिवशी सावली १.२३ मीटर खाली येते आणि खिडकी पूर्ण झाकली जाते. त्या दिवशी दक्षिण भिंतीवरचा सावलीचा उभा कोन दिवसभर ७० अंशच राहतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची वेगळी खोली काढावी लागत नाही. फक्त सूर्य तिरका असताना ऊन बाजूने आत शिरतं, म्हणून छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर तरी पुढे न्या. डिसेंबरात हाच छज्जा जेमतेम ४७० मिमी सावली देतो, खालच्या जवळजवळ अडीच फुटांतून ऊन आत येतं. नाशिकच्या थंडीत ते हवंच असतं.

आता पश्चिम. एप्रिलच्या मध्यावर दुपारी ४ वाजता (सौर वेळेनं) सूर्य बरोबर पश्चिमेला आणि फक्त साडेएकतीस अंशांवर असतो. ४ फुटी खिडकीवर सावली पाडायची तर छज्जा जवळजवळ २ मीटर लागेल. तुमची काच ७ फुटी आहे, म्हणजे छज्जा साडेतीन मीटर. असा छज्जा कुणी काढत नाही. म्हणून पश्चिमेला "मोठा छज्जा देतो" हे उत्तर होऊच शकत नाही.

वेळेच्या बाबतीत हमखास होणारी एक चूक: आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि नाशिक ७३.८ वर आहे. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे. सौर ४ म्हणजे घड्याळात साधारण ४:३५. चहाची वेळ, सगळं घर हॉलमध्ये. मालकांना हेच सांगा.

उष्णतेचा आकडा असा. त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. १० बाय ७ फूट म्हणजे साडेसहा चौ. मीटर. साध्या काचेतून त्यातली ऐंशी टक्के उष्णता आत येते. हिशेब तीन हजार वॉटच्या वर जातो, म्हणजे हॉलमध्ये तीन इस्त्र्या तापवून ठेवल्यासारखं. एसी लावला तर त्याची पहिली टनभर शक्ती नुसत्या काचेला पुरते, माणसं नंतर. आतून जाड पडदे लावून फारसं काही होत नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदाच तापतो आणि ती उष्णता घरातच राहते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर: ओटी, बांबूची चीक (पट्ट्यांचा पडदा), लाकडी झडपा, उभ्या पट्ट्या, झाड.

बंगल्याची दिशा मात्र एकदा स्वतः तपासा. सर्व्हेच्या नकाशावरचा उत्तरेचा बाण डोळे झाकून उचलू नका, जागेवर सावलीनं खात्री करा. पंधरा अंशांचा फरक पडला तर वरचं सगळं गणित बदलतं.

---

कोबा_आणि_गळती

काचेवर सगळे बोलतात. बंगल्यात उष्णतेचा सगळ्यात मोठा दरवाजा छप्पर असतं आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

१५० मिमी आरसीसी स्लॅब आणि खालून प्लास्टर: यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) साधारण ३.१. वर सरासरी ४ इंच वीट-कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याचा थर) घातला की २.२. इको निवास संहिता (२०१८), म्हणजे घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत संहिता, छपराला जास्तीत जास्त १.२ मागते. म्हणजे "कोबा केलाय, छप्पर थंड राहील" हे वाक्य गणितात बसत नाही. कोबा उतार आणि वॉटरप्रूफिंगसाठी असतो. त्याच कोब्याखाली २५ मिमी एक्सपीएस (दाट, कडक फोम) बोर्ड टाकला तर यू ०.८५ च्या आसपास येतो. ४० मिमी टाकलात तर ०.६ च्या जवळपास.

क्रम चुकवू नका. स्लॅब साफ करून भेगा भरा, वॉटरप्रूफिंगचा थर द्या, पाणी तुंबवून तीन दिवस टेस्ट घ्या. मग बोर्ड, सांध्यांना टेप, वर जिओटेक्स्टाइल किंवा प्लास्टिकचा कागद, मग १:१०० उताराचा कोबा, शेवटी पांढरी चायना मोझॅक. पॅरापेटच्या कोपऱ्यात गोलाई हवीच.

बिघडतं कुठे? एक, एक्सपीएसच्या जागी हलका पांढरा थर्माकोल येतो. तो दबतो, वरचा कोबा तडकतो, पाणी आत शिरतं आणि ओला थर्माकोल इन्सुलेशनचं काम सोडून देतो. बिलावर "इन्सुलेशन बोर्ड" एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून घनता लिहून घ्या आणि माल उतरताना हातानं दाबून बघा. दोन, बोर्ड टाकल्यानंतर पाण्याची टेस्ट घेतात. तेव्हा गळती दिसली तरी भोक कुठे आहे ते कळत नाही. तीन, सोलरवाला नंतर येतो आणि स्टँडसाठी कोब्यातून ड्रिल मारतो. सोलरचे पेडेस्टल स्लॅबबरोबरच ओतून घ्या.

पांढरी मोझॅक दोन वर्षांत धुळीनं काळवंडते. दिवाळी आणि होळीला धुतली तर काम करते, नाही तर पांढऱ्याचे पैसे फुकट.

---

फाइल_घेऊन_फिरणारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. परीक्षा आणि काम यांत गल्लत करू नका.

नाशिकमध्ये ग्रीन रेटिंगची मागणी बहुतेक वेळा एफएसआयमुळे (प्लॉटच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणामुळे) येते. राज्याच्या २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये (बांधकाम नियमावलीत) मूळ एफएसआयवर प्रोत्साहनपर वाढ आहे: गृहा तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हरला ३ टक्के, चार स्टार किंवा गोल्डला ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७. दोन हजार चौ. मीटरचा प्लॉट आणि मूळ एफएसआय १.१ धरला तर २,२०० चे ५ टक्के, म्हणजे ११० चौ. मीटर. बिल्डरच्या भाषेत एक बऱ्यापैकी टू बीएचके. तो फ्लॅट विकून रेटिंगचा खर्च निघतो की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण तुमचं काम कुठून सुरू होतं ते ओळखून असा.

आयजीबीसीची एपी आणि गृहाची सीपी परीक्षा एकेक महिन्याच्या अभ्यासात होतात. त्यानं तुम्हाला क्रेडिटची (रेटिंगच्या गुणांची) भाषा कळते. पुढचं काम मात्र निम्मं कारकुनी असतं: रंगाचा व्हीओसी (उडून जाणाऱ्या रसायनांचा) रिपोर्ट, स्टीलमधल्या रिसायकल मालाचं पत्र, नळांचे फ्लो रेट, फ्लाय ॲश ब्लॉकची बिलं, तारखेसहित फोटो. प्रकल्प अडकतो तोही इथेच. खोदकाम झाल्यावर कुणाला तरी आठवतं की वरची माती वेगळी साठवून तिचे फोटो काढायचे होते. तोवर ती माती डंपरमधून गेलेली असते. रेटिंगची नोंदणी प्लॅन मंजुरीनंतर केली की निम्मी क्रेडिट हातातून गेलेली असतात, कारण दिशा, खिडक्या आणि छप्पर ठरून गेलेलं असतं. मग उरतं काय? एलईडी, नळांचे एरेटर आणि सोलर.

म्हणून सुरुवात एजनं करा. आंतरराष्ट्रीय वित्त निगमाची ही पद्धत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हींत किमान २० टक्के बचत मागते, आणि तिचं ॲप फुकट आहे. तुमचा धरणाकडचा बंगला त्यात भरून बघा, सर्टिफिकेट घ्यायचं नसलं तरी. काच अर्धी केली, छपराखाली बोर्ड टाकला, भिंतीची वीट बदलली की कुठला आकडा किती हलतो ते एका संध्याकाळी समजतं.

मग इको निवास संहितेचा हिशेब हातानं एकदा करा. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, म्हणजे आरईटीव्ही, चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवा. सूत्रात तीन भाग आहेत: भिंतीतून, काचेतून वहनानं, आणि काचेतून उन्हानं. तिसऱ्या भागाचा गुणक पहिल्याच्या दसपटीच्या आसपास आहे. म्हणून एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत घेऊन पश्चिमेला मोठी काच ठेवली तर भिंतीवर वाचवलेलं काचेतून परत जातं.

त्याच संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचंही प्रमाण आहे: उष्ण-दमट विभागात जमिनीच्या क्षेत्राचा सहावा हिस्सा, संमिश्र विभागात आठवा. इथे स्लायडिंग खिडकी घात करते. १२ बाय १४ फुटांच्या खोलीला आठवा हिस्सा म्हणजे २१ चौ. फूट उघडं लागतं. ५ बाय ४ ची दोन ट्रॅकची स्लायडिंग कागदावर २० चौ. फूट दिसते, पण उघडते १०. बाहेर उघडणारी झडप जवळजवळ पूर्ण उघडते. नाशिकला हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण एप्रिलमध्येही रात्र आणि दुपार यांत पंधरा-सतरा अंशांचा फरक असतो. रात्री ९ ते सकाळी ८ खिडक्या उघड्या, दिवसा बंद, एवढ्यानं जड भिंतींचं घर बरंच थंड राहतं. पण मच्छरजाळी आणि ग्रिल सुरुवातीलाच डिझाइनमध्ये नसेल तर रात्री खिडकी कुणी उघडत नाही.

एम.आर्क.बद्दल: पुण्याच्या भानुबेन नानावटी कॉलेजात पर्यावरणीय वास्तुकलेचा एम.आर्क. आहे, अहमदाबादच्या सेप्टमध्ये बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्सचा मास्टर्स आहे. पहिल्यात डिझाइन हातात राहतं, दुसऱ्यात सिम्युलेशन आणि मोजमाप खोलवर होतं. शिकवायचं असेल तर प्रवेशाआधीच पदवीचं नेमकं नाव आणि काउन्सिलचे शिक्षकांसाठीचे नियम समोरासमोर ठेवून वाचा. एम.टेक. आणि एम.आर्क. यांतला फरक नंतर मुलाखतीच्या टेबलावर कळणं महागात पडतं.

---

जोतं_ते_पाटई

शिकवण्याबद्दल लिहितो, जरा लांबेल.

पूर्णवेळ सहायक प्राध्यापक व्हायला एम.आर्क. लागतं, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू लागतं. व्हिजिटिंगला जाणं त्यामानानं सोपं. आठवड्याला एक-दोन सत्रं, ऑफिस सांभाळून. सुरुवात तिथूनच करा, पण "सस्टेनेबिलिटी" हा विषय मागू नका. दुसऱ्या वर्षाचं क्लायमेटॉलॉजी मागा, किंवा बिल्डिंग कन्स्ट्रक्शन.

कारण दुखणं तिथेच आहे. क्लायमेटॉलॉजी थिअरीचा विषय म्हणून दुसऱ्या वर्षी संपतो आणि डिझाइन स्टुडिओ त्याच्याशी बोलत नाही. पाचव्या वर्षाच्या थीसिसमध्ये मग सेक्शनवर निळे बाण आत येतात आणि लाल बाण वरून बाहेर पडतात. वारा खरंच तिथून येतो का, खिडकी उघडते किती, हे ज्युरीत क्वचितच विचारलं जातं. बाण काढायला पैसे पडत नाहीत.

त्यावर उपाय म्हणून एक अभ्यास देता येतो. चार आठवडे, तीस विद्यार्थी, पाच-सहा गट.

जुन्या नाशकात, सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटी या भागांत, राहता वाडा शोधायचा. दगडी जोतं, सागवानी चौकट, विटांच्या जाड भिंती, मधे चौक. दुसरं घर म्हणजे इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन्हींत तापमान-आर्द्रतेचे डेटा लॉगर दोन आठवडे ठेवायचे, दर १५ मिनिटांनी नोंद. एप्रिल उत्तम, पण परीक्षा येतात, म्हणून मार्चचा दुसरा पंधरवडा.

लॉगर कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून असतं. भिंतीला चिकटवला तर तो भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही. खोलीच्या मध्याकडे, जमिनीपासून एक-सव्वा मीटरवर, सुतळीनं टांगा. ऊन, ट्यूबलाइट, टीव्हीची मागची बाजू आणि फ्रिज यांपासून लांब. बाहेरचा लॉगर पांढऱ्या, भोकं पाडलेल्या डब्यात, उत्तरेच्या सावलीत. पत्र्याच्या छपराखाली ठेवला की चार अंश जास्त दाखवतो आणि मग सगळे निष्कर्ष वाड्याच्या बाजूने लागतात. काढताना सगळ्या लॉगरची वेळ एकच होती का ते तपासा. एका गटाचं घड्याळ अर्धा तास पुढे असेल तर वाड्याचा "टाइम लॅग" (बाहेरची उष्णता आत पोचायला लागणारा वेळ) अर्धा तास फुकट वाढतो.

त्याबरोबर काळा गोळा. चाळीस मिमीचा टेबल टेनिसचा चेंडू, काळा मॅट रंग, आत थर्मामीटरचा सेन्सर. भिंती-छपराची किरणोत्सारी उष्णता यात कळते. फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर दुपारी हवेपेक्षा गोळ्याचा आकडा चढा दिसला की मुलांना छपराचा यू सांगावा लागत नाही, वर कोबावाल्यांनी लिहिलंय ते डोळ्यांनी दिसतं.

नंतर ते आकडे सुखकर तापमानाशी ताडायचे. त्यासाठी इमॅक हे भारतीय मॉडेल वापरा, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये ते आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीला मागच्या ३० दिवसांचं बाहेरचं सरासरी तापमान घ्या, ०.५४ नं गुणा, १२.८३ मिळवा. सरासरी २९ असेल तर साडेअठ्ठावीस येतं. त्यात २.३८ वरखाली म्हणजे २६.१ ते ३०.९, या पट्ट्यात नव्वद टक्के माणसं समाधानी असायला हवीत. हे सूत्र ऑफिसांच्या पाहणीवरून काढलंय. घरात माणूस बनियनवर बसतो, पंखा लावतो, खाट अंगणात नेतो, म्हणून घरावर वापरताना हे मुलांकडून लिहून घ्या. हा फरक न सांगता सूत्र देणं म्हणजे नुसतं गणित शिकवणं.

आता उलटी चूक. या अभ्यासातून "जुनं ते सोनं" असा निष्कर्ष निघाला तर अभ्यास फसला समजा. वाड्याच्या मधल्या खोल्या थंड असतात तशा अंधाऱ्याही असतात. दुपारी लक्समीटर धरला तर बऱ्याच ठिकाणी पुस्तक वाचता येत नाही. पावसाळ्यात खालच्या भिंती ओल धरतात, आणि त्यावर सिमेंटचं प्लास्टर थापलेलं असेल तर ओल बाहेर पडायला जागा नसते, ती वर चढते आणि आतली चुन्याची जोडणी पोकळ होते. हेही मोजायचं.

चौथ्या आठवड्यात डिझाइन. फ्लॅटचा वरचा मजला घ्यायचा आणि तीनच बदल करायचे, प्रत्येक बदलाचा आकडा शीटवर हवा: छपराचा यू आधी-नंतर, उघडणाऱ्या खिडकीचं क्षेत्र आधी-नंतर, एप्रिलच्या दुपारी ४:३५ ला पश्चिम काचेवर किती टक्के सावली. बाण काढायला बंदी.

सिम्युलेशन तिसऱ्या वर्षापासून. एनर्जीप्लस आणि लेडीबग फुकट आहेत, हवामानाच्या फाइलीही वनबिल्डिंगच्या साइटवर फुकट मिळतात. फाइल उघडून केंद्राची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहायची सवय लावा. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे. मुंबईची फाइल लावून केलेलं मॉडेल नाशिकची थंड रात्र गिळून टाकतं आणि रात्रीच्या वायुवीजनाचा फायदाच दाखवत नाही.

हाच अभ्यास तुम्ही एकट्या, दोन लॉगर घेऊन, एका वाड्यावर आणि एका फ्लॅटवर करून ठेवा. एम.आर्क.च्या प्रवेशाला आणि व्हिजिटिंगच्या मुलाखतीला सर्टिफिकेटपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

---

चुनासुर्खी

भिंतीबद्दल थोडक्यात, कारण "ग्रीन" म्हटलं की मातीच्या ब्लॉकचा आग्रह होतोच.

नाशिकची काळी माती ब्लॉकला चालत नाही. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, सिमेंट वाढवूनही ती खोड जात नाही. मुरूम आणि वाळूसर माती लागते. बरणीची परीक्षा करा: तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवा, २४ तास ठेवा. खाली वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती बसते. चिकणमातीचा थर पाचव्या हिश्श्याहून जाड दिसला तर वाळू मिसळावी लागेल. स्थिरीकरणाला ५ ते १० टक्के सिमेंट. ब्लॉक सावलीत, झाकून, २८ दिवस ओले ठेवायचे. घाईत सातव्या दिवशी भिंतीत गेलेला ब्लॉक पहिल्या पावसात कोपरे सोडतो. रीतसर शिकायचं तर ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटचे छोटे कोर्स आहेत.

दूरवरून मुरूम आणण्यापेक्षा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रामुळे जवळ मिळणारी फ्लाय ॲश वीट बऱ्याचदा जास्त शहाणपणाची ठरते. भाजलेली वीटच वापरायची तर वास्तुविशारद लॉरी बेकरांची रॅट-ट्रॅप बांधणी बघा. विटा कडेवर उभ्या, मधे पोकळी, ९ इंच भिंतीत साधारण पाव विटा कमी लागतात. एक अट: पोकळीत मसाला पडू द्यायचा नाही. मिस्त्री सवयीनं पोकळी भरत गेला तर वीटही वाचत नाही आणि भिंतही थंड राहत नाही. जोत्याचा, खिडकीखालचा आणि लिंटेलचा थर भरीव घ्या, वायरिंगच्या पाइपांची जागा आधी ठरवा. नंतर झिरी कापायला घेतली की पोकळी फुटते.

---

धरणाकडची_खिडकी

सगळ्यांचे आभार. तीन इस्त्र्यांचं उदाहरण मालकांना चटकन कळलं. पण ते काच सोडायला तयार नाहीत. पाणी बसल्या जागी दिसलं पाहिजे म्हणतात. पूर्ण बंद भिंत होणार नाही. मधला मार्ग आहे का? आणि प्लॉट ५५० चौ. मीटर आहे, पावसाच्या पाण्याचं काय?

---

वीस_अंश_उत्तर

"बसल्या जागी दिसलं पाहिजे," हे त्यांनी तुमच्यासाठी फार सोपं करून दिलंय. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असतो. पाणी आणि डोंगर हे आडवं दृश्य आहे. त्याला ७ फूट उंचीची गरज नाही, रुंदीची आहे.

१० फूट रुंदी तशीच ठेवा. उंची फक्त ६०० मिमी, सिल (खिडकीची खालची कड) ७५० मिमीवर आणि वरची कड १.३५ मीटरवर. समोर ८ फूट, म्हणजे २.४ मीटर खोल ओटी, आणि ओटीच्या छपराची कड त्याच १.३५ मीटरवर आणू नका, माणसं वाकून जातील. त्याऐवजी खिडकीच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत ओटीच्या बाहेरच्या बाजूनं बांबूची चीक सोडा. चीक तेवढी खाली असली की एप्रिलच्या मध्यावर काचेवर घड्याळात ५:५० पर्यंत थेट ऊन पडत नाही. त्यानंतर सूर्य १४ अंशांच्या खाली जातो आणि त्याचा जोरही कमी होतो. चिकेखालून बसलेल्याला पाणी दिसत राहतं. हिवाळ्यात चीक गुंडाळा.

काचेचं क्षेत्र साडेसहावरून १.८ चौ. मीटरवर येतं, तेही सावलीत. उरलेल्या पश्चिम भिंतीमागे जिना, स्टोअर, पुस्तकांची कपाटं, बाथरूम टाका. खिडकीच्या वर छताजवळ छोटी झडप ठेवा, रात्री गरम हवा बाहेर जायला.

ओटीच्या फरशीकडेही बघा. काळी कडप्पा किंवा गडद ग्रॅनाइट टाकलीत तर ती दुपारभर तापून खालून काचेवर उष्णता फेकते. हलकी शहाबादी चालेल, पण तिच्यापुढे दोन फूट तरी हिरवळ किंवा वेल असू द्या.

पाणी: ५०० चौ. मीटरच्या वरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग नियमातच आहे. छप्पर १५० चौ. मीटर आणि शहराजवळचा पाऊस ७०० मिमी धरून ८० टक्के हाती लागला तर वर्षाला ८४,००० लिटर. धरणाकडे, पश्चिमेला जाल तसा पाऊस वाढत जातो, म्हणून खड्ड्याचा आकार ठरवताना ७०० वर थांबू नका. पहिल्या पावसाचे दोन मिमी बाजूला काढा, तीनशे लिटरची टाकी पुरते. त्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह जूनमध्ये उघडायचा कुणी, हे ड्रॉइंगवर लिहून ठेवा.